काजूचं तेल पायाला लागत न्हाई

"यार जोते मलगिद्दी?"

कुणाबरोबर झोपली व्हतीस? असं विचारलं तिनं मला. कानडीतनं. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या सगळ्या पोटुशा बाया ऐकतील एवढ्या मोठ्यानं.

ती म्हणजे दवाखान्यातली मोठी सिस्टर. तिच्या हातात माझ्या रगताचा कागद. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा दोन बोटांत धरलेला. मला चौथा महिना लागलेला. माझ्या मागं माझी सासू उभी. आत्ती म्हणतो आम्ही सासूला. तिच्या हातात पिशवी, पिशवीत कोनं. कोनं म्हणजे आमच्या परसातली कंदं, हातभर लांब. खणून काढायची म्हणजे अर्धा दिवस जातो. आमच्यात रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात न्हाईत, दवाखान्याच्यासुद्धा. मागच्या महिन्यात ह्याच सिस्टरनं कोनं हसत हसत घेतली व्हती. सांबाराला चांगली लागतात म्हणाली व्हती.

त्या दिवशी तिनं ती पिशवी सरकवली. पायानं.

"तुमच्या हातचं नको. घेऊन जावा."

मग मला बाकावरनं उठवलं. कचऱ्याच्या डब्याजवळ खाली बसवलं. आयाला हाक मारली आणि मी बसले व्हते तिथं फिनेल मारायला लावलं. बाजूच्या बायांनी पदर आवरून घेतले. त्यातली एक माझ्या माहेरच्या वाटेवरची. सकाळी बसमध्ये माझ्याच डब्यातली भाकरी खाल्लेली. तिनं तोंड फिरवलं.

"ई काडिनवरेल्ला हीगे," सिस्टर दुसऱ्या नर्सला म्हणाली. हे जंगलातले सगळे असलेच. तिला वाटलं मला कानडी येत न्हाई. अगं बाई, आमच्या जोयड्यात पोर पाळण्यात असल्यापासून दोन भाषा ऐकतं. सगळं कळलं मला. शब्द न् शब्द.

माझ्या कार्डावर तिनं लाल पेननं गोल काढला. गोलावर अजून एक गोल. म्हणाली, "नवऱ्याला घेऊन ये. नवरा आला तर इंजेक्शन. न्हाई तर न्हाई."

रोग कसला, तो येतो कुठनं, पोटातल्या पोराला काय करतो, ह्यातलं एक अक्षर तिनं सांगितलं न्हाई. मीही विचारलं न्हाई. मान खाली घालून बसले. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. तिचा राग येतो तो येतोच. पण त्या खाली घातलेल्या मानेचा जास्त येतो.

दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. एकाच दवाखान्यात असली सिस्टर असती तर सांगितलं असतं.

आमचं गाव गुंदाच्या पलीकडं, रानात, सहा घरांचं. फाट्यावर बस सोडली की तासभर चालायचं. आत्ती पुढं, मी मागं. वाटेत ओढा लागतो. ओढ्यावर थांबली आणि पिशवीतली कोनं एक एक करून पाण्यात टाकली. जिनं जन्मात भाताचं शीत वाया घालवलं न्हाई, तिनं. मग पिशवी धुतली, पिळली, आणि पुन्हा चालायला लागली.

तेव्हाच मला भ्या वाटलं. सिस्टरचं वाटलं न्हवतं एवढं.

कारण माझं एक पोर आधीच गेलेलं व्हतं.

त्या गोष्टीला वर्ष झालं व्हतं. तेव्हा मला आठवा महिना. पोटातलं हलायचं थांबलं. आत्तीनं पोटाला तेल लावलं, नारळ ओवाळला. दोन दिवसांनी बाळ आलं ते गेलेलंच आलं. मुलगा व्हता. त्याच्या अंगाची साल सुटलेली व्हती. मला बघू देत न्हवते, पण मी बघितलं. आईच ती, बघणारच की. हाताचे तळवे, पायाचे तळवे, सगळी साल निघालेली. त्या पोटुशेपणातसुद्धा एकदा माझं रगत घेतलं व्हतं. कागद कधी आला न्हाई. आम्ही विचारायला गेलो न्हाई, त्यांनी सांगायला कुणी पाठवलं न्हाई. जंगलातल्या माणसाचा कागद तो, पडला असेल कुठंतरी.

मग देवाला विचारलं.

आमच्यात अडचण आली की गावकर, म्हणजे देवाचं बघणारा म्हातारा, फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून दगडाच्या देवाला चिकटवतो. आणि प्रश्न घालतो. उजवी पडली की व्हय, डावी पडली की न्हाई. त्या दिवशी प्रश्न घातला, "बाईकडनं काय चुकलं का?" उजवी पडली. ठरलं. मी पाळीत असताना देवराईच्या हद्दीतनं गेले असणार. गेले व्हते का? मलाच आठवेना. पण सगळी म्हणाली तर गेलेच असेन, असं मीपण धरून चालले. वर्षभर देवराईजवळच्या विहिरीला हात लावायचा न्हाई, खळ्यात पाय ठेवायचा न्हाई. मी ओढ्याचं पाणी आणायची, वेगळ्या वाटेनं.

बापाकडनं काय चुकलं का, असा प्रश्न कुणी घातलाच न्हाई. घातला असता तर देव काय म्हणाला असता कुणास ठाऊक. देव तरी काय करणार? विचाराल तेवढंच सांगणार.

आता त्याच्याही आधीचं सांगते.

लग्नानंतर माझा नवरा गोव्यात कामाला जायचा. कॅसलरॉकला गाडी धरायची, दोन दोन महिन्यांनी यायचं. आमच्याकडनं पुष्कळ गडी जातात. भात कापून झालं की रानात काय काम असतं? एकदा आला तो आठ दिवस पलीकडं तोंड करून झोपला. मग बरा झाला. मी काय विचारलं न्हाई. बायकोनं असलं विचारायचं असतं, हेच ठावं न्हवतं.

त्यानंतर काजूचा हंगाम आला. मला तेव्हा त्याच पहिल्या पोराचा तिसरा महिना. काजू भाजायचा, फोडायचा, गर काढायचा. टरफलात तेल असतं, ते हाताला लागलं की भाजतं. काजू उतला म्हणतो आम्ही. दर हंगामात प्रत्येक घरात कुणाचे ना कुणाचे हात सोललेले असतात. त्या वर्षी माझ्या तळहातांवर डाग उठले. तांबूस, बारीक, वाटाण्याएवढे. साल निघायला लागली.

"उतला की गं काजू तुला," आत्ती हसली. "राख लावून बसायचं सोडून गप्पा मारत बसतीस." तिनं भिरंडेल आणलं. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेल ते, घट्ट, मेणासारखं. रोज माझ्या हाताला चोळायची. मायेनं चोळायची, खोटं कशाला बोलू.

पायांना पण डाग व्हते. तळपायांना. तिथं पण तेल चोळलं. मी चोळलं, तिनं चोळलं. डाग गेले. आम्ही म्हटलं, भिरंडेलाचा गुण.

सहा घरांतली सगळी बायामाणसं जन्मभर काजू फोडत आलेली. कुणाच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला न्हाई. माझ्यापण न्हाई.

दवाखान्यातनं आलो त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. चुलीपुढं. पातेल्याकडं बघत सांगितलं.

"माझ्या रगतात काय तरी आलंय. तुम्हाला बोलावलंय."

"मला कशाला?"

"तपासायला."

"मला काय झालंय? मी चांगला धडधाकट हाय. तुझंच काय तरी असेल." आणि उठून गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण तेव्हा मला एवढंसुद्धा म्हणता आलं न्हाई, कारण चोर कोण ते मलाच ठावं न्हवतं. रात्रंदिवस मी माझ्याच अंगात शोधत बसले. कुठं शिवले, कुणाचं उष्टं खाल्लं, कुठल्या पाण्यात उतरले.

पंधरा दिवस गेले. अजून आठ गेले. पुन्हा दवाखान्यात जायचं म्हटलं की फिनेलचा वास यायचा. नवरा येत न्हाई, एकटी गेले तर इंजेक्शन न्हाई. मग जायचं कशाला? आत्तीनं माझं ताट वेगळं केलं. बोलून न्हाई केलं, नुसतंच केलं. पोटात पोर हलायला लागलं व्हतं. हललं की जीव भांड्यात पडायचा. अर्धा दिवस हललं न्हाई की मी कामं टाकून भिंतीला टेकून बसायची, हात पोटावर. पहिल्याचं हलणं कसं थांबलं, ते माझ्या हातांना पाठ व्हतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

आणि मग एक दिवस शेंटरवरची अक्का आली. आमच्या भागातलं छोटं आरोग्य केंद्र हाय, त्याला आम्ही शेंटर म्हणतो. तिथं नवीन आलेली बाई. बेळगावकडची, मराठी आणि कानडी दोन्ही पाण्यासारखं बोलणारी. फाट्यापासून चालत आली, चपलेला जळू चिकटलेली. यादीत माझं नाव व्हतं आणि पुढं इंजेक्शनचा रकाना रिकामा व्हता, म्हणून आली.

आत्तीला म्हणाली, "आये, घोटभर ताक मिळेल काय?" आत्ती आत गेली. अक्कानं खोलीचं दार लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी बसली. शेजारी. एकाच चटईवर. माझा हात हातात घेतला. तीन आठवड्यांत मला कुणी हात लावला न्हवता. मला रडूच आलं.

"रड," म्हणाली. "पण ऐकत रड. वेळ कमी हाय."

मग तिनं सांगितलं. हळू आवाजात, पण आडपडदा न ठेवता. ह्या रोगाला सिफिलिस म्हणतात. जंतू असतो, अंगाला अंग लागून येतो. एका ताटात जेवून न्हाई, बाकावर बसून न्हाई. पहिल्यांदा खाली एक फोड येतो, न दुखणारा. औषध लावा, न लावा, काही आठवड्यांनी आपोआप जातो. माणसाला वाटतं बरं झालं. मग कधीतरी अंगावर डाग उठतात. तेपण जातात. पुन्हा वाटतं बरं झालं. आणि जंतू रगतात गप्प बसून राहतो. वर्षानुवर्षं. पुढं काळजाला धरतो, डोळ्याला धरतो, डोक्यात जातो. आणि बाई पोटुशी असली तर नाळेतनं पोरात जातो.

"पण औषध हाय," म्हणाली. "जुनं, साधं इंजेक्शन. ह्या रोगाला अजून ते लागू पडतं. लवकर घेतलं तर पोर वाचतं."

"मग त्या सिस्टरला हे ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं व्हतं."

"मग?"

अक्का माझा हात उलटा करून तळवा बघत बसली. मग म्हणाली, "इथं कधी डाग उठले व्हते?"

"काजू उतला व्हता."

"आग व्हत व्हती?"

मी आठवलं. आग? काजू उतला की जीव नकोसा व्हतो, हात पाण्यात बुडवून बसावं लागतं. त्या डागांना आग न्हवती. खाज पण न्हवती.

"न्हाई," म्हटलं.

"पायांना व्हते?"

"व्हते."

"मग काजू पायानं फोडतेस काय गं?"

मी माझे पाय बघितले. उघडे, चुलीच्या राखेनं पांढरे झालेले. बघतच बसले. एवढं सोपं. एवढं सोपं व्हतं सगळं. सहा घरं, एवढ्या बाया, एवढे हंगाम. सगळ्यांनी माझे हात बघितले, त्याच हातांनी माझ्या पायाला तेल चोळलं, आणि कुणी विचारलं न्हाई. तेव्हाच कुणी विचारलं असतं, तेव्हाच कुणी दारात येऊन बोटाचा एक थेंब घेतला असता, तर ते पोर आज अंगणात कोंबड्यांच्या मागं पळत असतं. मी ओढ्याचं पाणी वेगळ्या वाटेनं आणत बसले. आणि ते पोर मातीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या झाकल्या मुठीत पोरगं मेलं.

अक्का म्हणाली, "इंजेक्शन घरात देता येत न्हाई. डॉक्टरसमोर घ्यायचं, अर्धा तास थांबायचं. उद्या मी तुला दुसरीकडं नेते. नवरा येवो न येवो, तुझं अडत न्हाई. तसा कुठला कायदा न्हाई. पण त्यानं घेतलं न्हाई तर तो तुला पुन्हा देणार. त्याची तपासणी मी घरात करते. बोटाला सुई, पट्टीवर थेंब. चहा पिऊन होईपर्यंत कळतं. कुणाला कळायला नको, बाकावर बसायला नको."

दुसऱ्या दिवशी मी गेले. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं. आठ-आठ दिवसांनी अशी तीन घ्यायची. कमरेखाली जाडजूड सुई, पाय लाकूड झाला. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, पोट दगडासारखं घट्ट झालं. अक्कानं आधीच सांगून ठेवलं व्हतं, जंतू मरताना असं होतं, घाबरू नको, पोर हलतंय का बघत राहा, न्हाई हललं तर लगेच फोन कर. मी बघत राहिले. हललं. पुन्हा हललं. मोजत बसले मी.

त्याच आठवड्यात घरात दुसरं ठरलं व्हतं. गावकराला बोलावलेलं. पुन्हा पाकळ्या लावायच्या. माझ्या चुलत सासऱ्यानं ठरवलं, नवऱ्यानं मान हलवली. सकाळी सगळी देवापुढं बसली. गावकरानं पाकळ्या भिजवल्या. मला म्हणाला, "पोरी, पुढं ये. हात जोड."

मी पुढं गेले. हात जोडले न्हाई.

"प्रश्न काय घालणार?" मी विचारलं.

सगळी बघायलाच लागली. पाकळ्या लावताना बाईनं तोंड उघडायचं नसतं.

"बाईकडनं काय चुकलं ते विचारायचं," गावकर म्हणाला.

"आजोबा, मागच्या खेपेला तोच विचारलात. ह्या खेपेला दुसरा विचारा. न्हाई तर देवाला त्रासच देऊ नका. देवाला बोट न्हाई. ह्यांना हाय." मी नवऱ्याकडं हात केला. "घरात अक्का बसलीय, मीच बोलावलीय. बोटाचा एक थेंब द्या. मग पाकळ्या लावा, कोंबडा कापा, मला विहीर बंद करा, काय करायचं ते करा."

"लाज न्हाई काय तुला?" चुलत सासरा ओरडला.

"व्हती. दवाखान्यात ठेवून आले. फिनेल मारून पुसली तिथं."

मग आत्ती उठली. मला वाटलं आता थोबाडीत बसते. ती लेकासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "चल. उठ. घरात चल."

दार लावलं. आत आम्ही चौघंच. नवऱ्याला वाटू नये की त्याला एकट्यालाच पकडलंय, म्हणून मी आधी बोट पुढं केलं. टुच्. थेंब. पट्टीवर औषधाचे थेंब. मग त्याचं बोट. गड्यानं ते मागं ओढलं. झाडावर चढून मध काढणारा माणूस, सुईला घाबरला. सुईला न्हाई, पट्टीला घाबरला.

थोड्या वेळानं माझ्या पट्टीवर दोन रेघा. त्याच्या पट्टीवर दोन रेघा. अक्का म्हणाली, एक रेघ म्हणजे पट्टी चांगली हाय, दुसरी रेघ म्हणजे रोगाची खूण. पक्की तपासणी पुढं करायचीच, पण थांबायचं न्हाई.

नवरा रेघांकडं बघत म्हणाला, "फोड आला व्हता. गोव्यात असताना. दुखत न्हवता. तिथं एकानं मुळी दिली, ती लावली. तीन आठवड्यांत गेला. बरं झालं व्हतं गं."

"तुम्हाला ठावं व्हतं?"

"बरं झालं व्हतं म्हटलं की."

"बरं झालं न्हवतं. माझ्यात आलं व्हतं. त्या पोरात गेलं व्हतं. त्याची साल बघितलीत तुम्ही. मी खळ्याच्या बाहेर उभी असताना तुम्ही आत भात मळत व्हता. तेव्हा तरी तोंड उघडायचं व्हतं."

तो रडला. रडू दे. मी काय त्याचे डोळे पुसले न्हाई. तिन्ही इंजेक्शनं घेतली त्यानं, एक चुकवलं न्हाई. दोघं पुरी बरी होईपर्यंत लांब राहायचं, तेपण राहिला. आम्ही अजून एका घरात हाय. पण ती गोष्ट आमच्यामध्ये बसलेली असते. ती कुठल्या इंजेक्शननं जात न्हाई.

अक्का सामान आवरायला लागली तेव्हा आत्तीनं बोट पुढं केलं.

"माझं पण बघ."

"आये, तुमचं कशाला?"

"माझी तीन गेली. ह्याच्या आधी दोन, ह्याच्या पाठीवर एक. मलापण विहीर बंद व्हती. बघ तू."

आम्हाला कुणालाच ठावं न्हवतं. नवऱ्यालापण न्हाई. अक्कानं थेंब घेतला. आम्ही पट्टीकडं बघत बसलो. एकच रेघ आली. आत्तीला हा रोग न्हवताच.

"मग माझी कशानं गेली?" आत्तीनं विचारलं.

एवढ्या वर्षांनी कोण सांगणार? आत्ती पट्टी हातात घेऊन बसून राहिली. त्या दिवसापासनं माझं ताट पुन्हा तिच्या ताटाजवळ आलं. विहिरीवर तीच मला घेऊन गेली, सगळ्यांच्या देखत. गावकर काय बोलला न्हाई. बोलला असता तर तिनं त्याला विहिरीत घातला असता.

बाळंतपणाला जायचं तर मोठ्या दवाखान्यातच जावं लागलं. तोच व्हरांडा. तीच सिस्टर. कार्डावर तेच लाल गोल. पुन्हा पट्टी केली. पुन्हा दोन रेघा.

"अजून हाय की गं तुझं," ती ओरडली. ह्या वेळी मराठीतनं. "वेगळं ठेवा हिला."

मला कळा येत व्हत्या. एक कळ जाऊ दिली. मग म्हटलं, "सिस्टर, ती रेघ जन्मभर राहू शकते. रोग गेला तरी. पट्टीनं रोग गेला का राहिला ते कळत न्हाई. दुसरी तपासणी असते, तिच्यात आकडा येतो. माझा आकडा उतरलाय, कागद पिशवीत हाय. वाचा. मोठ्यानं वाचा. त्या दिवशी मोठ्यानं विचारलं व्हतं, आज मोठ्यानं वाचा."

व्हरांड्यात बाया व्हत्या. तेवढ्याच, तसल्याच. सगळ्या बघत व्हत्या.

तिनं कागद घेतला. वाचला. मोठ्यानं न्हाई वाचला. पण मला बाकावरनं उठवलं न्हाई, आणि फिनेलची बाटली आली न्हाई.

मुलगी झाली. रडत आली. त्यांनी तिचं रगत घेतलं, डोळे बघितले, हाडं बघितली. काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं, मग पुन्हा. अजून जातो. प्रत्येक वेळी कागद हातात येईपर्यंत मी तिच्या तळव्यांकडं बघत बसते. हाताच्या. पायाच्या. लोक म्हणतात देव पावला. पावला असेल. पण पहिल्या वेळी पण देव तिथंच व्हता.

आता मी अक्काबरोबर फिरते. नंदिगड्ड्याकडच्या वाड्यांपर्यंत. तिनं मला सगळं शिकवलं. रेघ वाचायची, आणि दार लावून बोलायचं. आधी गड्याला विचारायचं, मग बाईला. मी सांगते, हे आधी आपल्या घरात कळू दे. व्हरांड्यात कळलं तर ते तुमचं राहत न्हाई. काही दारं उघडतात. काही दारांत मला बघून बायका म्हणतात, ती बघ, त्या रोगाची आली. व्हय, त्याच रोगाची. म्हणून तर आले.

ह्या काजूच्या हंगामात एका अंगणात गेले. नवी सून, पाचवा महिना. ओसरीवर बसलेली, सासू तिच्या हाताला भिरंडेल चोळत व्हती. तांबूस डाग, वाटाण्याएवढे. मी अंगणातच थबकले.

"काजू उतलाय हिला," सासू हसत म्हणाली. तसंच हसली, आत्ती हसली व्हती तसं.

"आग व्हतीय काय गं?" मी पोरीला विचारलं.

"न्हाई, अक्का."

सासूचं हसू गेलं. तिनं मला ओळखलं. "तुझं काय काम हितं? आमच्यात असलं काय न्हाई. चल, नीघ." पोरीचा नवरा दारात आला. गोव्यातनं सुट्टीला आलेला. माझ्याकडं बघितलं, मग बायकोच्या हाताकडं, आणि आत गेला. तो काय विचार करत व्हता ते मला ठावं हाय. बरं झालं व्हतं म्हणत असेल मनात.

पोरीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

मी पायरीवर बसले. पिशवीतनं पट्ट्या काढून मांडीवर ठेवल्या. सासूनं कुत्रा सोडला. कुत्रा आला, माझे पाय हुंगले, शेजारी बसला. ती शिव्या द्यायला लागली. देऊ दे. ह्याच्यापेक्षा वाईट मी ऐकलंय, दोन्ही भाषांत. उन्हं कलली. मी उठले न्हाई. आज हाकललं तर उद्या येईन. उद्या हाकललं तर परवा. माझ्या पोराच्या वेळी दारात कुणी बसलं न्हवतं. ह्या पोराच्या वेळी मी बसलीय.

"बाय," मी म्हटलं, "हात राहू दे. पाय दाव."